आईचा आकडा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारची सकाळ, बेळगावच्या वडगावातलं आमचं घर, आणि मी पलंगावर पाय वर घेऊन मोबाईलमध्ये आईचा रिपोर्ट उघडून बसलेले. लॅब आमचीच, म्हणजे मी जिथं टेक्निशियन आहे तिथलीच, पण शनिवारी माझी सुट्टी होती म्हणून सॅम्पल दुसऱ्यानं लावलेलं. फेरिटिनच्या, म्हणजे अंगातल्या लोखंडाच्या साठ्याच्या, समोर 6. परत बघितलं, एखादा शून्य राहिला काय म्हणून, नाही, 6च. तेवढ्यात आरशासमोरून आई ओरडली, "माझा आकडा बगितलीस काय गं?"

"सहा," मी म्हटलं.

"सहा घेऊन काय करू, एक पुरे की."

तिला केसांचा आकडा पाहिजे होता. अंबाड्यात खोचायचा, काळा, एका बाजूचा रंग उडून आतलं लोखंड दिसायला लागलेला. माझ्याच मांडीखाली सापडला.

ही गोष्ट मी दहा जणांना तरी सांगितली असेन, सगळे हसतात आणि विषय संपतो. माझ्या डोक्यात मात्र तो आकडा अडकला तो अडकलाच, कारण नंतर वाचताना कळलं की फेरिटिन किती बनवायचं हे पेशीत जे ठरतं ते एका आकड्यावरच ठरतं, म्हणजे खराखुरा केसांच्या आकड्यासारखा वाकलेला आकडा, फक्त तारेचा नाही, आरएनएचा.

पण आधी बाबांचं सांगते. बाबांनी 31 वर्षं उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये काढली. पिग आयर्न, स्क्रॅप, कोक, बेंटोनाईट, सगळ्याचा हिशोब त्यांच्याकडं, आणि संध्याकाळी घरी आले की शर्टाला त्या काळ्या वाळूचा वास. सगळी हयात लोखंड मोजण्यात गेलेल्या माणसाच्या बायकोच्या अंगात लोखंड नाही, ह्याचा बाबांना राग आला, वाईट वाटलं असं नव्हे, राग, स्टॉक जुळला नाही की यायचा तसला. "गेलं कुठं मग?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गेलं कुठं ते डॉक्टरीण बाईंनी विचारल्यावर आईनं दहा मिनिटं इकडंतिकडं करून शेवटी सांगितलं. दीड वर्ष पाळीला भयंकर अंगावरून जात होतं आणि ही "वय झालं की असंच असतंय" म्हणून गप्प. मी रोज बायकांचं रक्त काढते, हिमोग्लोबिन 7, 8 बघते, कन्नड बोलणाऱ्या आल्या की "कब्बिण कम्मी ऐतरी अक्का", लोखंड कमी आहे हो अक्का, म्हणून सांगते, आणि घरातली बाई माझ्याच नजरेतून सुटली. असो. ते बोलायला अजून जड जातं.

तर फेरिटिन. दिवसाला पंधरा-वीस ट्यूबा ह्या टेस्टच्या मी मशीनला लावते आणि इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं की हे कमी होतं म्हणजे नक्की काय होतं. फेरिटिन हे एक प्रोटीन, 24 तुकडे एकत्र येऊन झालेला पोकळ गोळा, एका गोळ्यात लोखंडाचे साडेचार हजारापर्यंत अणू मावतात. पेशीचं गोडाऊन म्हणा. रक्तात त्यातलं थोडंसंच येतं आणि आम्ही मोजतो ते तेवढंच, पण तेवढ्यावरून आतल्या साठ्याचा अंदाज लागतो. (ताप, इन्फेक्शन, अंगात कुठं सूज असली तर हा आकडा उगाच फुगतो, त्यामुळं नुसता आकडा बघून घरच्या घरी निदान करू नका, रोज कुणीतरी करून येतंच.) आता लोखंड कमी झालं तर गोडाऊन रिकामं राहील, एवढं कुणालाही कळतं. पण गोडाऊनच बांधायचं बंद होतं, पत्रेसुद्धा उभे राहत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मग ते बंद करतंय कोण?

माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्लिश, म्हणजे आमच्या भागातल्या निम्म्या पोरांचं होतं तेच. पीयू सेकंडला बायोलॉजीच्या सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहून मधे दोन बाण काढले. डीएनए, आरएनए, प्रोटीन. डीएनए मालक, आरएनए पोस्टमन, प्रोटीन कामगार. मालक चिठ्ठी लिहितो, पोस्टमन पोचवतो, कामगार राबतो. कुणीतरी मागून विचारलं, सर, पोस्टमन चिठ्ठी वाचतो काय? वर्ग हसला, सरांनी सिलॅबसमध्ये नाही म्हणून सांगितलं, आणि मीपण तेच चित्र घेऊन पुढची पंधरा वर्षं काढली. डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिकवर ह्याचं खापर फोडतात पण त्यानं 1958 च्या लेखात म्हटलं होतं ते एवढंच, की अक्षरांच्या क्रमाची माहिती एकदा प्रोटीनमध्ये गेली की तिथून परत फिरत नाही. ते आजही खरं आहे. प्रोटीननं आरएनएला हात लावायचा नाही आणि आरएनएनं प्रोटीनला काही बोलायचं नाही, हे त्यानं कुठं म्हटलं नव्हतं, ते आपण फळ्यावरच्या बाणांवरून धरून चाललो.

तसं आमच्याकडं आरएनएला सगळेच ओळखतात, तो 2021 सालापासून. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाकडं कर्नाटकाच्या हद्दीवर कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागायचे, नसला तर गाडी माघारी. कोल्हापूरला माहेर असलेल्या बायका, मिरजेला दवाखान्यात जाऊन परत येणारे म्हातारे, सगळ्यांच्या तोंडात आरटीपीसीआर. त्यात शोधत होते व्हायरसचा आरएनए, हे किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक. म्हणजे आमच्या लोकांसाठी आरएनए म्हणजे नाकात काडी घालून सापडणारं काहीतरी, नाहीतर लसीच्या बातमीतलं. आपल्या स्वतःच्या प्रत्येक पेशीत तो ढिगानं पडलाय आणि तिथं निव्वळ पोस्टमनगिरी करत नाही, हे कुणी सांगितलंच नाही.

फेरिटिनच्या बाबतीत पहिली गंमत कळली ती उंदरांच्या यकृतात. लोखंड दिलं की फेरिटिन वाढायचं, ह्यात नवल नाही, पण नवीन आरएनए बनवणं औषधानं बंद करून टाकलं तरी वाढायचं. म्हणजे चिठ्ठी नवीन येत नव्हती, आधीच येऊन पडलेली होती. हॅमिश मन्रो आणि त्यांच्या सोबत्यांनी 1976 मध्ये दाखवलं की फेरिटिनचा एमआरएनए, म्हणजे चिठ्ठीवाला आरएनए, पेशीत तयार असतो पण झाकून ठेवल्यासारखा गप्प असतो, लोखंड आलं की तोच उठून रायबोसोमवर, म्हणजे प्रोटीन बनवायच्या मशीनवर, कामाला लागतो. झाकण कसलं ते कळायला अजून दहा-अकरा वर्षं गेली. 1987 मध्ये सापडलं की त्या एमआरएनएच्या सुरुवातीलाच, प्रोटीनचा मजकूर चालू व्हायच्या आधी, साधारण 30 अक्षरांचा (आरएनए ए, यू, जी, सी ह्या चार अक्षरांत लिहिलेला असतो) एक तुकडा स्वतःवरच दुमडलेला असतो. दोन पाय एकमेकांना चिकटलेले, वर गोल वळण, वळणावर सहा अक्षरं, त्यातली पहिली पाच ठरलेली, सी ए जी यू जी, आणि एका पायात मधेच एक सी बाहेर आलेला, जुन्या आकड्याची तार एका जागी कोच पडून वाकलेली असते ना, डिट्टो तसा. ह्या आकड्यावर एक प्रोटीन येऊन बसतं. त्याचं नाव आयआरपी 1. ते बसलं की रायबोसोमला आत शिरायला जागाच उरत नाही, चिठ्ठी जागेवर आहे, फाडलेली नाही, पण वाचता येत नाही.

हे मी बाबांना सांगायला लागले ते जेवताना. त्यांना आरएनए-बिरेनएमध्ये काही इंटरेस्ट नव्हता पण गोडाऊन म्हटल्यावर कान टवकारले. म्हटलं बाबा, तुमच्यासारखाच एक स्टोअरकीपर आहे पेशीत. माल कमी असला की नवीन शेड बांधायच्या फाइलीवर बसून राहतो, सही करत नाही. बाबा म्हणाले बरोबर आहे, माल नसताना शेड कशाला. आणि त्याच वेळी दुसरा हात, मी म्हटलं, खरेदीच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, ठेवून बसतो, ते कुणी फाडू नये म्हणून.

हे खरंच तसं आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. पेशीला बाहेरून लोखंड आत घ्यायला दारावर एक प्रोटीन लागतं, ट्रान्सफेरिन रिसेप्टर. त्याच्या एमआरएनएवरपण हेच आकडे आहेत, एक नाही पाच, पण ते सुरुवातीला नाहीत, शेवटी आहेत, मजकूर संपल्यानंतरच्या शेपटीत. ह्या शेपटीला कापून टाकणारी दुसरी प्रोटीनं आसपास टपलेलीच असतात, शेपटी कापली की एमआरएनए गेला. लोखंड कमी असलं की आयआरपी शेपटीवर बसतं आणि कापू देत नाही. म्हणजे तोच आकडा, तेच प्रोटीन, तीच पकड, पुढं असला तर कुलूप आणि मागं असला तर राखण. गोडाऊन बांधायचं बंद, दारं वाढवायची चालू. हुकूम एकच, पण चिठ्ठीवर कुठं चिकटवलाय त्यावर त्याचा अर्थ उलटा. एवढं सोपं आणि एवढं चलाख काहीतरी माणसानं केलं असतं तर बक्षीस घेतलं असतं.

आणि हो, हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोखंड धरून बसणारा भाग, तो बनवायला लाल रक्तपेशींमध्ये जे पहिलं एन्झाइम लागतं, त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीलापण आकडा. लोखंड नाही तर हीमचं कामच सुरू करू नका. आईच्या नखांचा पांढुरका रंग मी दीड वर्ष जेवायला वाढताना बघत होते, तो इथून आलेला.

बाबांनी भाकरीचा तुकडा तसाच धरून विचारलं, "ते सगळं खरं, पण माल आला हे त्याला सांगतंय कोण?"

मी लॅबवाली, पण हा प्रश्न मला आधी पडला नव्हता. 31 वर्षं ज्यानं गेटवरून फोन यायची वाट बघितलीय त्यालाच पडणार. उत्तर असं आहे की कुणीच सांगत नाही, मालच येऊन बसतो. पेशीत लोखंड वाढलं की चार लोखंडाचे आणि चार गंधकाचे अणू मिळून एक छोटा ठोकळा होतो, तो ह्या आयआरपीच्या पोटात बरोबर मधल्या खाचेत जाऊन बसतो, आणि ती खाच म्हणजे आरएनएचा आकडा धरायची तीच जागा. ठोकळा आत असला की प्रोटीन मिटतं, आकडा सुटतो. ठोकळा नसला की प्रोटीन पंजा उघडावा तसं उघडतं आणि आकडा आत घेतं, 2006 मध्ये ह्याचे क्रिस्टलचे फोटोच निघाले. आकडा सुटला की शेडची फाइल हलते, फेरिटिन बनायला लागतं, आणि तिकडं राखण उठल्यामुळं इंडेंट फाडलं जातं, दारं कमी होतात.

आणि मिटलेलं प्रोटीन रिकामं बसत नाही. 1991 मध्ये लक्षात आलं की हे तर अ‍ॅकोनिटेज आहे, सायट्रेटचं आयसोसायट्रेट करणारं एन्झाइम, ज्यांनी क्रेब्स सायकल पाठ केलंय त्यांना नाव आठवेल. म्हणजे लोखंड असताना हा साधा कामगार, मशीनवर उभा, आणि लोखंड संपलं की तोच माणूस एप्रन काढून स्टोअरच्या टेबलावर. दोन्ही कामं एका वेळी करताच येत नाहीत, कारण खाच एकच.

"असला माणूस आमाला पायजे होता," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पगार एकच देत असणार."

एक सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धवट होईल. ह्याचा एक भाऊ आहे, आयआरपी 2, शरीरात ह्या कामाचा जास्त भार तोच उचलतो असं उंदरांवरून दिसतं. त्याच्यात तो ठोकळ्याचा खटका नाही. लोखंड वाढलं की त्याला सरळ भंगारात काढतात, आणि भंगारात काढणारं जे प्रोटीन आहे तेच लोखंड ओळखतं. दोघंही भाऊ काढून टाकले तर उंदराचं पिल्लू गर्भातच मरतं.

इथपर्यंत प्रोटीन आरएनएला धरतंय, म्हणजे कामगार पोस्टमनला अडवतोय. मग मला उलटं सापडायला लागलं. 2012 मध्ये जर्मनीत दोन ठिकाणी, हायडेलबर्ग आणि बर्लिन, पेशींवर अतिनील प्रकाश मारून जी प्रोटीनं आरएनएला चिकटलेली होती ती तिथल्या तिथं जोडून टाकली आणि मग आरएनए ओढून बाहेर काढला, जाळ्याबरोबर जे काय येईल ते. हायडेलबर्गवाल्यांच्या जाळ्यात 860 प्रोटीनं आली. त्यात कितीतरी अशी की ज्यांचा आरएनएशी काय संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं, साखर फोडणारी साधी एन्झाइम्स सुद्धा. एवढे सगळे जण पोस्टमनच्या गळ्यात हात टाकून काय करतायत?

त्यातल्या एकाचं नंतर कळलं. इनोलेज, साखर फोडायच्या साखळीतलं शेवटून दुसरं एन्झाइम. 2022 मध्ये दाखवलं की आरएनए त्याला धरतो आणि धरलं की त्याचं काम मंदावतं. म्हणजे इथं प्रोटीन आरएनएवर बसून त्याला गप्प करत नाही, आरएनए प्रोटीनला गप्प करतोय. त्याआधी 2019 मध्ये व्हॉल्ट आरएनए नावाच्या एका छोट्याशा, शंभरेक अक्षरांच्या आरएनएचं कळलं होतं, ज्याच्यावरून कुठलंच प्रोटीन बनत नाही, म्हणजे चिठ्ठीच नाही ती, नुसताच पोस्टमन. तो पी 62 नावाच्या प्रोटीनला धरून ठेवतो. हे पी 62 पेशीतला जुना कचरा गोळा करून भट्टीत टाकणाऱ्यांपैकी, पण त्यासाठी त्याला आपल्यासारख्यांच्या हातात हात घालून साखळी करायला लागते, आणि हा आरएनए साखळीच होऊ देत नाही. पेशीला उपाशी ठेवलं की पी 62 वर बसलेला हा आरएनए कमी होतो, साखळी जमते, भंगार वितळायला सुरुवात. फाउंड्रीत पिग आयर्न संपलं की अंगणातलं जुनं स्क्रॅप भट्टीत जातं तसंच की हे.

बॅक्टेरियातलं तर त्याहून जुनं. मासायासु नोमुरांनी 1980 च्या सुमारास दाखवलं की रायबोसोमची काही प्रोटीनं जास्त झाली की ती स्वतःच्याच एमआरएनएवर जाऊन बसतात आणि आपलंच उत्पादन बंद पाडतात. त्यांची खरी जागा रायबोसोमच्या आरएनएवर. तिथं जागा आहे तोवर तिकडं जातात, तिथल्या खुर्च्या भरल्या की उरलेली घरी येऊन आपल्याच ऑर्डरच्या कागदावर बसतात. सुपरवायझर लागत नाही. आणि त्या रायबोसोममध्ये अमिनो आम्लं जोडायचं मुख्य काम करतो तो आरएनएच, प्रोटीन बाजूला उभी, हे ज्या रचनांवरून कळलं त्या कामाला 2009 चं नोबेल मिळालं, त्यात आपले वेंकटरमन रामकृष्णन होते. म्हणजे पोस्टमन, मालक आणि कामगार ही वाटणी मुळातच कच्ची. सरांना भेटले तर सांगेन, पोस्टमन चिठ्ठी वाचतो, कामगाराचं मनगट धरतो, आणि कारखाना चालवतो तो पण तोच.

आकडा वाकडा झाला तर काय होतं, हेपण माणसांत बघायला मिळतं. काही घराण्यांत फेरिटिनच्या त्या आकड्यातच एखादं अक्षर बदललेलं असतं. आयआरपीला पकड येत नाही, कुलूप लागत नाही, मग लोखंड असो नसो, फेरिटिन बनतच राहतं. रिपोर्टमध्ये आकडा हजाराच्या पुढं, आणि तरुण वयात मोतीबिंदू, कारण ते जास्तीचं फेरिटिन डोळ्याच्या भिंगात साचतं. 1995 पासून हा आजार माहीत आहे. लोखंड जास्त झालं असं समजून अशा माणसाचं रक्त काढत राहिलं तर त्याला उलट पांडुरोग होतो, कारण गोडाऊन आहेत भरपूर पण रिकामी. हे वाचल्यापासून लॅबमध्ये फेरिटिन 1,400 वगैरे दिसलं की मी लोखंड आणि सॅच्युरेशनचा (रक्तात लोखंड वाहणारं प्रोटीन किती भरलंय त्याचा) कॉलम आधी बघते. अजून तरी तसला कुणी सापडला नाही, बहुतेक वेळा लिव्हर नाहीतर इन्फेक्शन.

आईचं पुढं असं झालं की ती गोळी चहाबरोबर घ्यायची. सकाळी सात वाजता, कप हातात, गोळी तोंडात. चहानं लोखंड आतड्यातच अडकतं, ते शोषलं जात नाही, हे मीच शंभर जणींना सांगितलंय. चहा सोडवायला पंधरा दिवस भांडण. "तुज्या त्या आकड्याला काय कळतंय चहा की पाणी," असं मला म्हणाली, आणि खरं तर त्याला नाहीच कळत, तो पेशीत किती पोचलं तेवढंच बघतो. मग लिंबूपाण्याबरोबर, तीपण एक दिवसाआड, कारण एक गोळी घेतली की लिव्हरमधून हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोखंड आत यायला ते आडवं येतं, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. एक दिवसाआड हे आईला फार आवडलं, संकष्टीसारखं लक्षात ठेवते. अंगावर जाण्याचंपण औषध चालू झालं.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात परत रक्त दिलं, ह्यावेळी मीच काढलं, मीच लावलं, मशीनसमोर उभं राहून बघितलं. 27. हिमोग्लोबिन 11.2.

बाबांनी जुन्या डायरीत आईच्या नावानं बिन कार्ड काढलंय. स्टोअरमध्ये असायचं तसं, पट्टीनं आखलेलं, तारीख, आवक, जावक, शिल्लक. आवकमध्ये एक दिवसाआड गोळीची खूण. शिल्लकमध्ये पहिल्या ओळीत 6, खाली 27, त्याच्याखाली लाल रेघ. जावकचा रकाना कोरा आहे. तो आईला विचारून भरायचा, आणि तिला ते विचारायला बाबांना लाज वाटते, म्हणून दर महिन्याला पेन माझ्या हातात देऊन ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात.